उत्तरेकडच्या दाराशी सार्कोकोका : निवड, लागवड आणि निगा

इंग्लंडमध्ये घर घेताना आपण खोल्या मोजतो, स्टेशन किती लांब आहे ते विचारतो, शाळा पाहतो. पुढच्या अंगणाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे मात्र पहिल्या नोव्हेंबरात कळते. उत्तरेकडे तोंड असलेल्या अंगणात हिवाळाभर घराची सावली पडलेली असते आणि ऊन जमिनीला टेकतच नाही. तिथे गुलाब लावला तर तो काटकुळा होतो, लॅव्हेंडर दुसरा हिवाळा काढत नाही, आणि दोन-तीन वर्षे पैसे घालवल्यानंतर बहुतेक जण खडी पसरून त्या जागेवर कचऱ्याचे डबे उभे करतात. अशा जागेसाठी माझ्या मते एकच झुडूप डोळे मिटून सुचवावे असे आहे, ते म्हणजे सार्कोकोका. ते सदाहरित आहे, ऊन मागत नाही, आणि डिसेंबर ते मार्च या काळात, बाकीची बाग झोपलेली असताना, फुलते. फूल इतके लहान असते की दारावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. वास मात्र फाटकापर्यंत येतो.

नाव कानाला परके वाटले तरी झाड आपल्याला अगदीच परके नाही. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘कोकोस’ म्हणजे दाणा किंवा लहान फळ. या झुडपाच्या गरयुक्त फळांवरून जॉन लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२६ मध्ये या प्रजातीला हे नाव दिले. कुळ बॉक्सवुडचे, म्हणजे इथल्या जुन्या बागांमध्ये गुडघाभर उंचीच्या कातरलेल्या कुंपणासाठी जे वापरतात त्याचेच. म्हणून इथले लोक याला ‘स्वीट बॉक्स’ म्हणतात, आणि नाताळच्या सुमारास ते फुलू लागते म्हणून ‘ख्रिसमस बॉक्स’ असेही म्हणतात. याच्या जाती हिमालयापासून चीन आणि आग्नेय आशियापर्यंत पसरलेल्या आहेत. हिमाचल आणि उत्तराखंडाच्या जंगलांत मोठ्या झाडांखाली सार्कोकोका सालिग्ना ही जात आढळते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून तिकडे ट्रेकला गेलेल्या पुष्कळांच्या पायांना ती घासून गेली असेल. तिला फारसा वास नाही, म्हणून कोणी थांबले नसेल इतकेच.

फुलाकडे एकदा खाली बसून नीट पाहावे. चकचकीत, गडद हिरवी, टोकदार पाने एकाआड एक लागलेली असतात, आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात पांढऱ्या जाडसर दोऱ्यांचा एक लहानसा झुपका असतो. त्याला पाकळ्या नसतातच. जे दोरे दिसतात ते नरफुलांचे पुंकेसर असतात, आणि त्यांच्या बुडाशी एखाद-दुसरे हिरवट मादीफूल दडलेले असते. त्याच फांदीवर थोडे खाली गेल्या वर्षीची काळी, मण्यासारखी फळे अजून टिकून असतात, म्हणजे मागच्या हिवाळ्याचे फळ आणि या हिवाळ्याचे फूल एका फांदीवर एकाच वेळी पाहायला मिळते. वास मधाचा आणि थोडा व्हॅनिलाचा म्हणता येईल. नाक फुलाला लावले तर तो जेवढा जाणवतो त्यापेक्षा चार पावले लांब उभे राहिल्यावर अधिक जाणवतो. कडक हिमाच्या सकाळी तो जवळजवळ नसतो, आणि दुपारी हवा थोडी सैल, ओलसर आणि स्थिर झाली की अंगणभर पसरतो.

कोणती जात घ्यावी

नर्सरीत साधारणपणे तीन-चार नावे दिसतात आणि त्यांच्यातला फरक लेबलावर धड लिहिलेला नसतो, म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगते.

सार्कोकोका कन्फ्युझा ही सगळ्यांत भरवशाची. ती एका बुंध्याभोवती गोल, दाट वाढते, सावकाश दीड ते दोन मीटर उंच होते आणि तिची फळे काळी असतात. ती मुख्यतः बागांमधूनच ठाऊक आहे, आणि अनेक वर्षे ती दुसऱ्याच जातींच्या नावाखाली विकली जात होती; लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानातले वनस्पतिशास्त्रज्ञ सीली यांनी १९८६ मध्ये या प्रजातीचा फेरआढावा घेतला तेव्हा तिला हे गोंधळसूचक नाव मिळाले. सार्कोकोका रस्किफोलिया दिसायला जवळजवळ तशीच असते, पण तिची फळे लाल असतात. वनस्पती गोळा करत हिंडणारे अर्नेस्ट विल्सन यांनी ती १९०१ मध्ये चीनमधून इंग्लंडला आणली. या दोघींची लेबले आजही सर्रास अदलाबदल झालेली असतात. मी एका नर्सरीतून रस्किफोलिया म्हणून आणलेले झाड दुसऱ्या वर्षी फळाला आले तेव्हा फळे लालसर होऊन तिथेच थांबतील अशी वाट पाहत राहिले, आणि ती सरळ काळी होऊन मोकळी झाली. तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण दोन्ही झाडे सारखीच चांगली आहेत. पण लाल फळच हवे असेल तर फळ धरलेले झाडच विकत घ्यावे, लेबलावर विसंबू नये.

सार्कोकोका हूकेरिआना ही हिमालयातली जात आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला सिक्कीममध्ये हिंडून वनस्पती गोळा करणाऱ्या जोसेफ हूकर यांचे नाव तिला दिलेले आहे. बागांमध्ये मात्र तिचे चिनी उपप्रकार अधिक दिसतात. डायजिना हा उपप्रकार विल्सन यांनीच १९०८ मध्ये सिच्वान प्रांतातून आणला. त्याची पाने अरुंद, खोडाला जांभळट छटा आणि फुलांना किंचित गुलाबी झाक असते. ह्युमिलिस हा उपप्रकार ठेंगणा असून तो जेमतेम ६० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. या दोघांचे वैशिष्ट्य असे की ते जमिनीखालून मुनवे, म्हणजे मुळांपासून फुटणारे नवे कोंब, सोडतात आणि हळूहळू आडवे पसरतात. झाडाखालची मोकळी जमीन झाकायची असेल तर हा गुणच आहे. दाराशेजारच्या दोन फुटी वाफ्यात मात्र चार-पाच वर्षांनी कुदळ घेऊन त्याची हद्द आखून द्यावी लागते. या दोन उपप्रकारांच्या संकरातून तयार झालेला ‘विंटर जेम’ हा वाण मध्यम उंचीचा, दाट आणि कुंडीत शोभणारा आहे.

थोडक्यात, दारापाशी एकच झाड लावायचे असेल तर कन्फ्युझा, जमीन झाकायची असेल तर ह्युमिलिस, आणि कुंडीत लावायचे असेल तर ‘विंटर जेम’ घ्यावे. सालिग्ना वासासाठी घेऊ नये.

जागा ठरवणे

सावलीत वाढणारे झाड म्हणजे बागेच्या टोकाला, शेडच्या मागे, जिथे दुसरे काही येत नाही तिथे लावायचे झाड, असा समज मीही करून घेतला होता. माझे पहिले सार्कोकोका मागच्या बागेच्या अगदी कोपऱ्यात गेले. ते उत्तम वाढले, दरवर्षी फुलले, आणि त्याचा वास आमच्या घरातल्या कोणालाही तीन हिवाळे आला नाही, कारण जानेवारीत त्या कोपऱ्यात जातो कोण? चौथ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते मुळांच्या मोठ्या गड्ड्यासकट उचलून पुढच्या दाराशी आणले. एक वर्ष ते रुसल्यासारखे राहिले, पण टिकले. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, कारण वय झालेले झाड हलवले की ते जगतेच असे नाही.

म्हणून जागा शोधताना फावडे बाजूला ठेवावे आणि हिवाळ्यात आपण रोज कुठे थांबतो ते पाहावे. किल्ली शोधत दोन मिनिटे उभे राहतो ती पायरी, गाडीचे दार उघडतो ती जागा, कचऱ्याच्या डब्यापर्यंतची पायवाट, स्वयंपाकघराची जी खिडकी फोडणीच्या वेळी थंडीतही उघडावी लागते तिच्याखालची जमीन, अशा जागांपासून एक-दोन मीटरच्या आत झाड असावे. दोन बाजूंनी भिंत किंवा कुंपण असलेला कोपरा मिळाला तर उत्तम, कारण वाऱ्याच्या झोतात सुगंध विरून जातो आणि आडोशाला तो साठून राहतो.

उजेडाचे गणित सोपे आहे. पूर्ण सावली चालते, झाडांखालची कवडशांची सावली सगळ्यांत चांगली, सकाळचे थोडे ऊन चालते. उन्हाळ्यात दुपारचे कडक ऊन चालत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी लावलेल्या झाडाची पाने फिकट पिवळी पडतात, आणि लोक त्याला खत कमी पडले असे समजून खत घालत बसतात. त्याला खत नको असते, सावली हवी असते.

भिंतीलगत लावताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. भिंतीच्या अगदी बुडाशी पाऊस पोहोचतच नाही. बाहेर आठवडाभर रिपरिप चालू असली तरी तिथली माती बोटाने उकरली की कोरडी ठणठणीत लागते. म्हणून झाड भिंतीपासून किमान ४५ सेंटिमीटर पुढे लावावे. आणि वाफ्यात माती भरताना ती घराच्या डॅम्पप्रूफ कोर्सच्या, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून बुडाशी घातलेल्या थराच्या, किमान १५ सेंटिमीटर खाली राहील याची काळजी घ्यावी, नाहीतर झाडाची हौस भिंतीच्या ओलीवर जाईल.

लागवड

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची सुरुवात हा सगळ्यांत चांगला काळ, कारण तेव्हा जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते आणि पाणी घालण्याचे काम पाऊस करतो. तो काळ चुकला तर मार्च-एप्रिलमध्ये लावावे. जमीन गोठलेली किंवा पाण्याने चिकचिकलेली असेल तर थांबावे. कुंडीतले झाड आणखी महिनाभर कुंडीत राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही.

माती कशीही चालते असे म्हटले जाते आणि ते बहुतांशी खरे आहे. कॅमेलिया, अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांना आम्लधर्मी माती लागते. लंडन परिसरात जिथे नळाचे पाणी क्षारयुक्त आहे आणि कित्येक ठिकाणी जमीन चुनखडीची आहे, तिथे ती झाडे कुंडीत विशेष माती घालून जगवावी लागतात. सार्कोकोकाला ही अडचण नाही. मातीचा सामू (पीएच) सातच्या खाली, म्हणजे आम्लधर्मी, असो वा वर, ते वाढते. त्याला एकच गोष्ट खपत नाही, ती म्हणजे मुळांशी साचलेले पाणी. खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतावे. तासा-दोन तासांत ते मुरले तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही ते तसेच दिसले, तर जड चिकणमातीत पालापाचोळ्याचे खत आणि कंपोस्ट मिसळून वाफा आसपासच्या जमिनीपेक्षा हातभर नाही तरी वीतभर उंच करून घ्यावा.

लावण्याच्या आधी झाड कुंडीसकट पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावे. सुरुवातीला बुडबुडे येतात. ते थांबले म्हणजे मुळांचा गड्डा आतपर्यंत भिजला. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद असावा, पण खोली कुंडीइतकीच ठेवावी, कारण खाली सैल माती राहिली तर झाड पुढे खचते आणि त्याचे खोड मातीत गाडले जाते. कुंडीतून काढल्यावर मुळे गोल गोल वेटोळे घालून बसलेली दिसली तर ती बोटांनी मोकळी करावीत. फारच घट्ट असतील तर गड्ड्याच्या बाजूंवर सुरीने दोन-तीन उभे छेद द्यावेत. हात कचरतो, पण वेटोळे तसेच ठेवले तर वर्षभराने मुळे त्या जुन्या कुंडीच्या आकारातच अडकलेली आढळतात. गड्ड्याचा वरचा पृष्ठभाग जमिनीशी समपातळीत ठेवून माती भरावी, पायाने हलकी दाबावी, बोटभर खोल आळे करावे आणि दहा लिटर पाणी सावकाश, दोन वेळा मिळून, द्यावे. शेवटी पाच सेंटिमीटर जाडीचे कंपोस्टचे किंवा कुजलेल्या पानांचे आच्छादन घालावे, आणि ते खोडाला चिकटणार नाही एवढी जागा मोकळी ठेवावी.

मोठ्या झाडाखाली लावायचे असेल तर पद्धत बदलावी. तिथे मोठा खड्डा खणण्याच्या नादात त्या झाडाची मुळे तुटतात, आणि आणलेले महागडे मोठे सार्कोकोका मुळांच्या जाळ्यात बसतही नाही. अशा ठिकाणी ९ सेंटिमीटरच्या कुंडीतली लहान रोपे घ्यावीत, मुळांच्या मधल्या जागा खुरप्याने शोधाव्यात आणि तिथे थोडे कंपोस्ट घालून एकेक रोप बसवावे. ह्युमिलिसची रोपे अर्ध्या मीटरवर लावली तर काही वर्षांत ती एकमेकांना भिडून जमीन झाकतात.

पहिली दोन वर्षे

‘कोरड्या सावलीत वाढणारे झाड’ हे वर्णन वाचून लोक सार्कोकोका लावतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात घालवतात. कोरडी सावली ते सोसते हे खरे, पण मुळे खोल गेल्यावर. तोपर्यंत, म्हणजे पहिले दोन उन्हाळे, पाऊस नसलेल्या प्रत्येक आठवड्यात एकदा दहा लिटर पाणी सावकाश द्यावे. रोज पेलाभर पाणी शिंपडण्याचा उपयोग नाही, कारण त्याने मुळे वरच्या वरच राहतात. भारतात आई-वडिलांकडे उन्हाळ्याची सुट्टी घालवायला चार आठवडे जाणार असाल तर शेजाऱ्याला सांगून जावे. टोमॅटो मेल्याचे लगेच दिसते, सदाहरित झाड मात्र मेल्यानंतरही महिनाभर हिरवे दिसत राहते, आणि आपण परत आल्यावर मेलेल्या झाडाला मनोभावे पाणी घालत राहतो. शंका आली तर नखाने खोडाची साल किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले तर आशा आहे.

दुसरी गोष्ट धीराची. हे झाड फार सावकाश वाढते. पहिल्या वर्षी ते जागचे हललेले दिसत नाही, दुसऱ्या वर्षी दोन-चार नवे फुटवे येतात, आणि तिसऱ्या वर्षी ते जागेला रुळल्यासारखे दिसू लागते. वाढ व्हावी म्हणून नत्राचा मारा करू नये. त्याने पाने मऊ आणि लांबट होतात. मार्च-एप्रिलमध्ये एकदा हळूहळू विरघळणाऱ्या सर्वसाधारण खताची मूठ आणि कंपोस्टचा नवा थर एवढे पुरते. अंगण हिवाळ्यातही सुगंधी हवे आणि थांबण्याची तयारी नसेल, तर सरळ दोन-तीन लिटरच्या कुंडीतले कळ्या धरलेले झाड नोव्हेंबरमध्ये विकत आणावे; त्याच हिवाळ्यात वास मिळतो.

थंडीचे फारसे भय नाही. कन्फ्युझा आणि हूकेरिआना उणे १० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सहज सोसतात आणि त्याखालीही काही अंश तग धरतात. बोचरा कोरडा वारा लागला तर पानांच्या कडा तपकिरी होतात, एवढेच. शहरातला धूर आणि रस्त्याची धूळ यांनाही ते दाद देत नाही, त्यामुळे रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या अंगणातही लावता येते.

छाटणी

छाटणी न केली तरी चालते. करायचीच असेल तर फुले संपल्यावर लगेच, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये करावी. कारण असे की, येत्या हिवाळ्याच्या कळ्या या उन्हाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या बेचक्यात धरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंपणाबरोबर यालाही यंत्र फिरवून चौकोनी केले, तर झाड नीटनेटके दिसते आणि जानेवारीत त्याच्यावर फूल नसते. बागकामाला माणूस येत असेल तर त्याला हे आधी सांगून ठेवावे, कारण तो बॉक्सवुड समजून मोठ्या हौसेने कातरतो.

छाटताना फांद्यांची टोके खुडत बसू नये. जुन्या, उघड्या पडलेल्या तीन-चार फांद्या जमिनीजवळून काढाव्यात, म्हणजे बुडातून नवे फुटवे येतात. उंच, विरळ होऊन गेलेले म्हातारे झाड असेल तर दर वर्षी एक तृतीयांश फांद्या काढत तीन वर्षांत ते पूर्ण नवे करता येते. मध्येच जी फळे कापली जातात त्यांचे दुःख करू नये. फळांचा विषय निघाला म्हणून सांगते, ती खाण्यासाठी नाहीत; या प्रजातीत स्टेरॉइड गटातली अल्कलॉइडे असतात, त्यामुळे घरात रांगते मूल असेल तर खालची फळे काढून टाकणे बरे.

कुंडीत लावायचे असल्यास

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि फ्लॅटच्या सावलीतल्या बाल्कनीवाल्यांनी निदान ३० ते ३५ सेंटिमीटर व्यासाची, बुडाला मोठी भोके असलेली कुंडी घ्यावी. केवळ हलके पॉटिंग कंपोस्ट दोन वर्षांत बसून जाते, म्हणून त्यात पोयटामाती असलेले मिश्रण आणि पाचवा हिस्सा बारीक खडी घालावी. कुंडी विटांच्या तुकड्यांवर किंचित उचलून ठेवावी, म्हणजे हिवाळ्यात पाणी खाली अडकत नाही. जमिनीतल्या झाडाला पाणी विसरलात तरी निभावते. कुंडीतल्याला हिवाळ्यातही, पाऊस न लागणाऱ्या पोर्चमध्ये असेल तर, बोट मातीत घालून पाहावे लागते. दर दोन-तीन वर्षांनी एप्रिलमध्ये कुंडी बदलावी. कुंडीचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे: नऊ महिने मागे ठेवून डिसेंबरात ती दारात आणता येते.

रोपे तयार करणे

ह्युमिलिस आणि डायजिना यांच्यासाठी काहीच कौशल्य लागत नाही. शेवंतीचे मुनवे काढतो तसे मार्चमध्ये कडेचा मुनवा मुळांसकट धारदार फावड्याने तोडून वेगळा लावावा.

कन्फ्युझाचे मात्र फाटे लावावे लागतात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, या वर्षी वाढलेली आणि बुडाशी किंचित जून होत आलेली फांदी निवडावी. वाकवली तर ती वाकते पण शेंड्यासारखी लुळी पडत नाही, ही खूण. दहा सेंटिमीटरचा तुकडा पानाच्या सांध्याच्या अगदी खाली कापावा, खालच्या अर्ध्या भागातली पाने काढून टाकावीत आणि बुड मुळे फुटण्याच्या पावडरीत टेकवून घ्यावे. निम्मे कंपोस्ट आणि निम्मे पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) भरलेल्या लहान कुंडीच्या कडेकडेने पाच-सहा फाटे खोचावेत, पाणी द्यावे, वर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालावी आणि कुंडी थंड, उजेडाच्या पण उन्हापासून दूर असलेल्या खिडकीत ठेवावी. पिशवी आठवड्यातून एकदा उघडून हवा द्यावी आणि काळे पडलेले पान लगेच उचलावे. वसंतात कुंडीच्या भोकातून पांढरी मुळे डोकावली की रोपे वेगळी करावीत. सहांपैकी चार जगली तर हात चांगला म्हणायचा. बियांपासूनही रोपे होतात. फळाचा गर धुऊन बी शरद ऋतूत पेरून कुंडी बाहेर थंडीत ठेवावी लागते, आणि फुले येईपर्यंत काही वर्षे जातात.

अडचणी

किडींचा त्रास जवळजवळ नाही, आणि हरीण व ससे याला सहसा तोंड लावत नाहीत, हे गावाकडे राहणाऱ्यांच्या कामाचे आहे. पाने पिवळी पडली तर क्रमाने तीन गोष्टी तपासाव्यात: ऊन जास्त आहे का, मुळांशी पाणी साचते का, आणि या दोन्ही नसतील तर मग भूक आहे का. वसंतात आतल्या बाजूची काही जुनी पाने पिवळी होऊन गळतात, ते नैसर्गिक आहे. बॉक्सवुडच्या झाडांची पाने करपवून टाकणारा बुरशीजन्य रोग त्याच कुळातल्या सार्कोकोकालाही कधी कधी लागतो. पानांवर तपकिरी डाग पडून ती झपाट्याने गळू लागली तर ती वेचून कचऱ्यात टाकावीत, कंपोस्टच्या ढिगात टाकू नयेत; कात्री स्पिरिटने पुसावी आणि पाणी पानांवर न घालता बुडाशी घालावे. शेजारी रोगट बॉक्सवुड असेल तर त्याची कात्री याच्यावर वापरू नये.

इतर देशांतल्या मराठी वाचकांसाठी एवढेच सांगते की, सिअ‍ॅटल, पोर्टलंड आणि व्हँकुव्हर परिसराची सौम्य, ओली हवा याला इंग्लंडइतकीच मानवते; ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वर दिलेले महिने सहा महिन्यांनी पुढे धरावेत; आणि महाराष्ट्रात मात्र याच्या मागे लागू नये. दख्खनचा एप्रिल-मे त्याला सोसणार नाही. तिथल्या अर्धसावलीच्या अंगणासाठी कुंती हे सदाहरित, सुगंधी झुडूप आहेच, जरी तिचा बहर पावसाळ्यातला असला तरी.

फुले घरात आणणे

सार्कोकोकाचा गजरा होत नाही. फूल दोऱ्यात धरण्याइतके मोठे नाही आणि तोडले की पुंकेसर गळतात. डहाळी मात्र फुलदाणीत आठवडाभर सहज राहते. झाड तीन वर्षांचे होईपर्यंत तोडू नये. त्यानंतर वीतभर लांबीच्या डहाळ्या झाडाच्या आतल्या बाजूने, पानाच्या सांध्याच्या वर, दुपारी हवा थोडी उबदार असताना कापाव्यात, बुडाची पाने काढावीत आणि लगेच पाण्यात ठेवाव्यात. कळ्या निम्म्या उमललेल्या असतील तेव्हाच कापणे चांगले. हीटर लागलेल्या खोलीत त्या दुसऱ्या दिवशी उमलतात.

आमच्याकडे याचा पूर्ण बहर बरोबर संक्रांतीच्या आसपास येतो. एका वर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायका दारातच थबकून, कोणती उदबत्ती लावली आहे असे विचारत होत्या, आणि अंधारात त्यांना झाड दाखवायला मोबाइलचा दिवा लावावा लागला. तेव्हापासून त्या दिवशी तीन डहाळ्या तिळगुळाच्या ताटाशेजारी तांब्यात ठेवते. बैठकीची खोली लहान असेल तर एकच ठेवावी, रेडिएटरपासून लांब, आणि पाणी एक दिवसाआड बदलावे.